नाव कुणाचं, ते आधी सांगा

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या मॉडेलांच्या पायांत कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली. तेव्हापासून आपल्याकडं सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही. कुणी म्हणतं आपलं पेटंट चोरलं, कुणी म्हणतं कॉपीराइट मोडला, कुणी म्हणतं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे ना, मग करा की दंड वसूल. दुसऱ्या बाजूचे लोकही तितक्याच जोरात बोलतात. चपलेवर कसला आलाय हक्क, उद्या भाकरीवरही सांगाल, असं त्यांचं म्हणणं.

मी कोल्हापुरात फोटोग्राफी करते. लग्नं असतातच, पण माझं निम्मं काम चपलांच्या कॅटलॉगचं आहे. सुभाषनगरातल्या कारागिरांच्या घरी जाऊन मी फोटो काढते आणि चप्पल लाईनमधल्या दुकानदारांसाठी स्टुडिओतही काढते. कापशी, पुकारी, बक्कलनाली, कुरुंदवाडी असे नुसते प्रकार ओळखून भागत नाही. वेणी कुठल्या बाजूनं उजेडात धरली की तिचे पेड वेगळे दिसतात, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याचा रंग कॅमेऱ्यात लालसर का उतरतो, हे सगळं हातानं शिकावं लागतं. म्हणून हा वाद माझ्यासाठी लांबचा नाही. त्यात माझं एक ठाम मत आहे. वस्तूवरचा पैशाचा हक्क थोडा आणि मुदतीचा असावा. करणाऱ्याच्या नावाचा हक्क मात्र कधीच संपू नये. आपण भांडतो ते नेमकं उलट. पैशासाठी गळा काढतो आणि नाव विसरून जातो.

आधी कायद्याचा गुंता सोडवूया. पेटंट नव्या शोधाला मिळतं आणि ते २० वर्षं टिकतं. कोल्हापुरी चप्पल पिढ्यान्‌पिढ्या होत आलेली आहे, तिच्यावर पेटंट कुणालाच मिळणार नाही, आपल्याला नाही आणि इटलीलाही नाही. आपल्या पेटंट कायद्यात तर पारंपरिक ज्ञानाला पेटंट नाही असं स्वच्छ लिहिलेलं आहे. डिझाइनचा कायदा वेगळा. तिथंही रचना नवी असावी लागते आणि नोंदणी करून फार तर १५ वर्षं संरक्षण मिळतं. राहिला कॉपीराइट. आपल्या १९५७ च्या कायद्याच्या १५ व्या कलमात एक तरतूद आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. एखादी रचना डिझाइन म्हणून नोंदवता आली असती पण नोंदवली नाही, आणि तिच्या औद्योगिक पद्धतीनं ५० पेक्षा जास्त प्रती निघाल्या, तर तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. आणि आपल्या चपलेचा पहिला रचनाकार कोण, हे तर कुणालाच सांगता येणार नाही.

मग उरतं जीआय. ते २०१८ च्या अखेरीस मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. जीआय ‘कोल्हापुरी चप्पल’ हे नाव राखतं, चपलेचा आकार राखत नाही. अंगठा, कान, पट्टा, वेणी, गोंडा असलेली चप्पल जगात कुणीही करू शकतो. तिला कोल्हापुरी म्हणून विकता येणार नाही, एवढंच. मिलानमध्ये ती नुसती चामड्याची सँडल म्हणून दाखवली गेली. म्हणजे लोकांना जे सगळ्यात जास्त लागलं, ते नाव न घेणं, तेच कायद्याच्या नजरेत प्राडाची सुटका करणारं होतं.

हे कळल्यावर माझा स्वतःचा राग कमी झाला नाही, उलट त्याला दिशा मिळाली. आकार घेतल्याचं मला दुःख नव्हतं. आकार फिरतातच. कुठून आला, कुणी केला, हे पुसून टाकलं याचं दुःख होतं. पुढं प्राडानं महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेला पत्र लिहून भारतीय हस्तकलेतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं, त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली. मुंबई उच्च न्यायालयात प्राडाविरुद्ध जनहित याचिका झाली, ती जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली. मानांकनाचे नोंदणीकृत मालक तुम्ही नाही, त्यांना यायचं तर ते येतील, असा निकालाचा मथितार्थ. हे मालक म्हणजे दोन महामंडळं: आपलं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचं डॉ. बाबू जगजीवनराम यांच्या नावाचं. डिसेंबर २०२५ मध्ये याच दोघांशी प्राडाचा करार झाला. सुमारे २,००० जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचे, आणि एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो.

करार झाला याचा मला आनंद आहे. आठशे युरोंतले कारागिराच्या हातात किती पडतात, हे विचारत राहायला हवं, ते मी विचारतेच. पण त्याहून माझा जीव अडकतो तो दुसऱ्या प्रश्नात. त्या दोन हजार जोडांतला अमुक जोड सुभाषनगरातल्या अमक्यानं कापला, तमकीनं विणला, हे कुठं लिहिलेलं असेल का?

आता घरचं बघा. चैत्रात जोतिबाची यात्रा असते, नवरात्रात अंबाबाईला लाखो माणसं येतात. त्या गर्दीत महाद्वार रोडवर रेक्झिनची, मशीनवर कापलेली, बाहेरच्या राज्यातून आलेली चप्पल ‘ओरिजिनल कोल्हापुरी’ म्हणून विकली जाते. जीआय कायद्याचा सरळ भंग जर कुठं होत असेल तर तो इथं होतो, कारण इथं नाव वापरून विकलं जातं. मिलानसाठी जितका आवाज उठला त्याचा दहावा हिस्सा या रेक्झिनसाठी उठला असता, तर सुभाषनगरातल्या कितीतरी पोरांनी बापाचा धंदा सोडून कारखान्याची वाट धरली नसती. मी हे चिडून लिहिते आहे, कारण ही पोरं माझ्या ओळखीची आहेत.

ओरडून काय मिळतं आणि लिहून ठेवल्यानं काय मिळतं, याचं उदाहरण म्हणून मी नेहमी हळदीचं प्रकरण सांगते. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीनं जखम भरून येते या वापरावर पेटंट मिळालं. आपल्याकडं पोराचं गुडघं फुटलं की आजी डब्यातली हळद दाबते, हे ज्याला माहीत नाही असा माणूस सापडायचा नाही. पण पेटंट कार्यालयाला आजी दाखवून चालत नाही, कागद लागतो. हे पेटंट आव्हान दिलं गेलं तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे महासंचालक होते. त्यांच्या संस्थेनं ३२ संदर्भ गोळा केले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, आणि १९५३ सालचा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला एक लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. पुढं २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल भांडार उभं राहायला सुरुवात झाली, ती याच अनुभवातून. त्या १९५३ च्या लेखाचा मला फार आदर वाटतो. कुणीतरी चाळीस वर्षांपूर्वी आपलं काम नीट लिहून, नाव-तारीख घालून छापून ठेवलं होतं. भांडण होईल हे त्यांच्या ध्यानीमनीही नसेल.

आमच्या घरातही अशी एक वही आहे. माझे वडील, आप्पा, यांचा फोटो स्टुडिओ होता. प्रत्येक निगेटिव्ह बटर पेपरच्या पाकिटात, पाकिटावर नंबर, आणि तोच नंबर लाल कापडी बांधणीच्या वहीत. तारीख, जागा, फिल्मचा रोल ओर्वो कंपनीचा की दुसरा, गिऱ्हाईक कोण. गिऱ्हाईक नसेल आणि स्वतःसाठी काढला असेल तर त्या रकान्यात ‘स्वतः’ असं लिहायचे. १९८९ च्या महापुरात आप्पांनी शिवाजी पुलाचा एक फोटो काढला. पुलाच्या कमानी बुडायला आलेल्या आणि कठड्याला धरून उभी असलेली माणसं पाण्याकडं बघतायत. त्या नोंदीपुढं ‘स्वतः’ आहे.

हा फोटो इथल्याच एका संस्थेनं कॅलेंडरवर छापला. नाव नाही, विचारणं नाही. मी गेले तर तिथले एक गृहस्थ म्हणाले, “ताई, नेटवर होता की ओ, सगळेच वापरत्यात.” मी वही आणि निगेटिव्ह टेबलावर ठेवलं. ते गृहस्थ बराच वेळ निगेटिव्ह खिडकीकडं धरून बघत बसले. मग म्हणाले, “तुमच्या वडलांनी काढलाय व्हय!” पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर आप्पांचं नाव छापून आलं. पैसे मी मागितले नव्हते, त्यांनी देऊ केले तेही घेतले नाहीत. तो पूर सगळ्या गावाचा होता, फोटो गावानं बघावा अशीच आप्पांची इच्छा असणार. नाव मात्र हवंच होतं.

याच जागी मला कायद्यातलं सगळ्यात सुंदर कलम सांगायचं आहे. कॉपीराइट कायद्याचं ५७ वं कलम. तुम्ही तुमचा हक्क विकला, लिहून दिला, पैसे घेऊन मोकळे झालात, तरी ‘हे मी केलं आहे’ असं सांगण्याचा अधिकार तुमच्याकडंच राहतो. शिवाय तुमच्या कामाची मोडतोड करून तुमची अप्रतिष्ठा होत असेल तर ती थांबवण्याचाही. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प सरकारनं १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकलं. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं, त्याचे पैसे दिलेले होते. तरीही २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते शिल्पकाराला परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. मालकी एक, कर्तेपण दुसरं.

फोटोग्राफरांना हे कलम पाठ असायला हवं, कारण आमच्या बाबतीत मालकीचा नियम कडक आहे. पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. लग्नाचे फोटो नवरा-नवरीकडच्यांचे, चपलेचे फोटो दुकानदाराचे. माझ्या व्यवसायबंधूंना हे सांगितलं की ते हिरिरीनं भांडतात; कॅमेरा माझा, डोळा माझा, मग फोटो त्यांचा कसा? तसं हवं असेल तर ऑर्डर घेतानाच कागद करावा लागतो. मी करते, एका पानाचा, मराठीत. लग्नात गाणी वाजवण्यावरूनही असाच गोंधळ असतो. मिरवणूक आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभात गाणं वाजवणं हा भंग नाही असं कलम ५२ मध्ये आहे, आणि केंद्राच्या विभागानं जुलै २०२३ मध्ये ते पुन्हा स्पष्टही केलं आहे. तरी मंगल कार्यालयात गाण्यांच्या हक्काचे पैसे वसूल करायला माणूस आला की यजमान घाबरून पैसे देतात.

आता मुदतीबद्दल. आप्पा २०१४ मध्ये गेले. आजच्या कायद्यानं त्यांनी स्वतःसाठी काढलेल्या फोटोंवरचा हक्क ६० वर्षं, म्हणजे २०७४ संपेपर्यंत, आमच्या घराकडं राहील. मी लाभार्थी आहे आणि तरी मला ही मुदत फार लांब वाटते. माझ्या नातवंडांनी पुराचा फोटो बघायचे पैसे का घ्यावेत? ही ६० वर्षं आली कशी तेही बघण्यासारखं आहे. आधी ५० होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले, त्यांच्या लेखनावरचा हक्क १९९१ संपताना संपणार होता, तेव्हा मुदत दहा वर्षांनी वाढवली गेली, आधी वटहुकमानं आणि मग १९९२ च्या कायद्यानं, आणि ती सगळ्यांनाच लागू झाली. एका थोर माणसाच्या साहित्यासाठी केलेली वाढ देशातल्या प्रत्येक विस्मृतीत गेलेल्या लेखकाच्या पुस्तकालाही कुलूप लावून गेली. वारस सापडत नाही, परवानगी कुणाची घ्यायची कळत नाही, म्हणून छापलं जात नाही, आणि न छापल्यानं नावही जातं. लांब मुदतीनं नाव टिकतं असं ज्यांना वाटतं त्यांनी जुन्या ग्रंथालयातली कपाटं उघडून बघावीत.

नक्कल म्हटली की पाप, असंही मी मानत नाही. मानलं तर कोल्हापूरचा अर्धा इतिहास खोडावा लागेल. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, रोज त्याच्यावरून हजारो गाड्या वळतात. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव चित्रं रंगवणारे. सिनेमा बघून त्यांना तो स्वतः करायचा ध्यास लागला. आनंदराव १९१६ मध्ये गेले, पण बाबूरावांनी सोडलं नाही. परदेशी यंत्राची रचना समजून घेत, विष्णुपंत दामल्यांना साथीला घेऊन, १९१८ च्या सुमारास त्यांनी इथं मूव्ही कॅमेरा तयार केला आणि ‘सैरंध्री’ हा १९२० चा चित्रपट त्यावर काढला. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिकलेल्या मंडळींनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी उभी केली. दुसऱ्याचं यंत्र उलगडून शिकणं हीच ती शाळा. पण बाबूरावांनी काय केलं, कुणाबरोबर केलं, हे आपल्याला माहीत आहे, म्हणून आज त्यांना कुणी नकलाकार म्हणत नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे मूकपट मात्र जवळजवळ सगळे नाहीसे झाले. त्यांच्यावर आता कुणाचाच हक्क नाही, आणि बघायला प्रतही नाही. हक्काची मुदत संपली तेव्हा लोकांच्या हाती द्यायला काही शिल्लकच नव्हतं. यापेक्षा मोठी हानी कुठल्या चोरीनं झाली असेल असं मला वाटत नाही.

सध्या सगळ्यात तापलेला वाद म्हणजे एआय. चित्रं तयार करणाऱ्या यंत्राला ‘कोल्हापुरी चप्पल, जुनं लाकूड, सकाळचा उजेड’ असं सांगितलं की फोटो हजर होतो. माझ्या दोन गिऱ्हाइकांनी कॅटलॉग असाच करून घेतला. त्यांतल्या चपलांना वेणी आहे पण पेड मोजले तर जुळत नाहीत, अंगठा पट्ट्यातून कुठं निघतो ते कळत नाही. चप्पल कधी न विणलेल्या यंत्रानं हजारो फोटोंतून तिचा आभास शिकलेला आहे. ते फोटो कुणाचे होते? कदाचित माझे, कदाचित कोल्हापुरातल्या सगळ्यांचेच. एएनआय या वृत्तसंस्थेनं नोव्हेंबर २०२४ मध्ये चॅटजीपीटी करणाऱ्या ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला, त्यात हाच प्रश्न आहे की शिकवण्यासाठी प्रत घेणं हा भंग आहे की नाही. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या समितीनं एक मसुदा मांडला. एआय कंपन्यांना शिकवण्यासाठी सगळी सामग्री वापरायला सरसकट परवाना, बदल्यात त्यांनी मोबदला भरायचा, आणि निर्मात्याला नकार देता येणार नाही.

या मसुद्यावर सगळी चर्चा मोबदल्याची चालली आहे. मला नकार न देता येण्याची तितकी चिंता नाही. शिकणाऱ्याला शिकू द्यावं याच मताची मी आहे. पण मोबदला वाटायचा तर कुणाचं काम होतं याची नोंद लागेल, आणि कुठल्याच संस्थेचे सभासद नसलेले सुभाषनगरातले कारागीर आणि शाहूपुरीतले फोटोग्राफर त्या नोंदीत येणार कसे? यंत्र कुठल्या फोटोंवर शिकलं त्याची यादी नावांसकट जाहीर करायची सक्ती आधी करा, मोबदल्याचे दर नंतर ठरवा, असं माझं म्हणणं आहे. नाव लागलं की पैशाची वाट तरी सापडते.

म्हणून मी आता एक काम हाती घेतलं आहे. जीआयमध्ये महामंडळं मालक असली तरी कारागीर स्वतः ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नाव नोंदवू शकतो. २०२० मध्ये नियम बदलून त्याची फी ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आली. अर्जाबरोबर कामाचा पुरावा चांगला असला की सोपं जातं. तो पुरावा मी करून देते: कातडं कापताना, वेणी घालताना, वादीनं शिवताना, आणि तयार जोड हातात धरून, असे फोटो. मागं नाव, पत्ता, तारीख, आणि आप्पांच्या वहीसारखी एक वही.

त्यात एक गोष्ट निघाली, तिच्यावर आमचं अजून बोलणं चाललंय. पहिल्याच घरी मी विचारलं, नाव कुणाचं लिहू? मामा म्हणाले, “माझंच की, अजून कुणाचं?” आतून मावशी म्हणाल्या, “आणि वेण्या काय आभाळातनं पडत्यात?” कापणी पुरुष करतात, वेण्या, गोंडे आणि पुष्कळशी शिवण बायका करतात, जवळजवळ प्रत्येक घरात. अर्जात बायकांची नावं फारशी येतच नाहीत. मी दोघांचेही वेगळे फोटो काढले आणि दोन अर्ज भरले. मामांनी आधी कुरकुर केली, मग मावशींच्या अर्जावर साक्षीदार म्हणून त्यांनीच सही केली. जोडाबरोबरच्या कार्डावर दोन्ही नावं छापायची ठरली आहेत. चपलेच्या तळव्यावर नाव नको, नाव पायाखाली येतं, असं दोघांचंही म्हणणं पडलं आणि ते मला पटलं.

महिन्यातल्या पहिल्या रविवारी सकाळी स्टुडिओ यासाठी उघडा ठेवते. फोटोचे पैसे नाहीत. येताना आधार कार्ड, अर्धवट झालेला एक जोड आणि घरात वेणी घालणारी जी कुणी असेल तिला बरोबर आणा.